बीजींना सांगितलेली बातमी

बारावीच्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, मी एक खोटी बातमी दिली. आमच्या बैठकीच्या खोलीत, चौदा-पंधरा माणसांसमोर, वेताच्या खुर्चीच्या हातावर बसून दिली. ती ऐकून एका बाईनं देवाला शिरा केला आणि दुसरी एक बाई दोन बस बदलून आमच्या दारात येऊन उभी राहिली. आता साठीकडे झुकताना आयुष्यातल्या पुष्कळ चुका मला धूसर आठवतात. ही मात्र शब्दन् शब्द आठवते, कारण तो प्रत्येक शब्द मी स्वतः जुळवला होता.

चंदीगडच्या वीस सेक्टरमध्ये आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. वरच्या मजल्यावर घरमालक, दारजी आणि बीजी. दारजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. हे शहर उभं राहत असताना त्यांनी विटा मोजून घेतल्या होत्या, त्यामुळे कुठल्याही सेक्टरमधून जाताना ते भिंतींकडे ओळखीच्या माणसासारखे बघायचे. बाबा केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचे, म्हणून दारजी त्यांना 'डाक्टर साहब' म्हणत. बाबांनी सुरुवातीला दोनदा समजावून सांगितलं की मी डॉक्टर नाही, मग सोडून दिलं. आई वर्ध्याची. चंदीगडला बारा वर्षं काढूनही तिचं 'करून राहिली', 'जाऊन राहिली' तसंच होतं आणि बीजींचं पंजाबीही तसंच पक्कं. दोघींचं हिंदी सारखंच कच्चं, म्हणूनच बहुधा त्यांचं इतकं जमलं. मागच्या जिन्यावरून दिवसभर वाट्यांची ये-जा चालायची. आईची पाटवडी वर जायची आणि वरून मोहरीच्या पाल्याचं साग यायचं. ते साग सकाळपासून अंगीठीवर रटरटत असायचं, आणि बीजी ते लाकडी घोटणीनं घोटायला लागल्या की आमच्या छतातून घुम-घुम-घुम असा आवाज येई. त्या आवाजावर मी भौतिकशास्त्र पाठ केलंय. मी आईशी हिंदीत बोलायची आणि ती चिडायची. "मराठीत सांग ना बाप्पा, मी काय बँकेत आली काय?" तरी माझ्या तोंडून हिंदीच निघायचं. मराठी मला समजायची, रडायला यायची, भांडायला यायची नाही.

ते दिवस कसले होते हे पंजाबात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यामागे बंदुकीची नळी आणि एक थंडीनं गारठलेला जवान. अंधार पडायच्या आत बस बंद. सिनेमागृहात, बसमध्ये, कॉलेजच्या फाटकावर पाट्या होत्या की बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी दिसली तर हात लावू नका. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज गावाचं नाव आणि एक आकडा. दारजी तो पेपर वाचून घडी घालून बाबांना द्यायचे, बाबा वाचून घडी घालायचे, आणि दोघं हवेबद्दल बोलायचे. इतकी वर्षं एका छताखाली काढून त्या आकड्यांबद्दल दारजी आणि बाबा एकमेकांशी कधी बोलले नाहीत. एक शीख, एक हिंदू. कुठला शब्द कुठे लागेल याचा नेम नव्हता, आणि दोघांनाही एकमेकांना गमवायचं नव्हतं. तेव्हा मला ते भित्रेपण वाटायचं. आता वाटतं, ती त्यांची माया होती.

बीजींचा एकुलता मुलगा जीता कुवेतला होता, एअरकंडिशनिंगचा मेकॅनिक. पंजाबात जवान मुलगा घरी ठेवायचा म्हणजे दोन्हीकडून भीती, म्हणून दारजींनीच त्याला पाठवलं होतं. "दूर है, पर महफूज़ है," असं ते म्हणायचे. मग ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि महफूज़ जागेचा एका सकाळीत निकाल लागला. आपल्या सरकारनं विमानं पाठवली, हजारो माणसं मुंबईला उतरली. त्यांच्यात जीता नव्हता. होशियारपूरकडचा एक मुलगा परत आला होता, तो एवढंच सांगून गेला की जीत्याचा पासपोर्ट मालकाकडे अडकला, म्हणून तो मागे राहिला. त्यानंतर पत्र नाही की फोन नाही. बीजी रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला जिन्यावर स्वेटर विणत बसायच्या. विणून झालं की उसवायच्या आणि पुन्हा विणायच्या.

डिश अँटेनाची कल्पना बाबांची. परदेशातले उपग्रह आपल्या डोक्यावरून चोवीस तास बातम्या पाठवतात, फक्त पकडायला भांडं पाहिजे, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरकडून त्यांनी लोखंडी पट्ट्यांची भली मोठी छत्री करून घेतली आणि तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणून बसवली. मधली इलेक्ट्रॉनिक डबी त्यांच्या एका सहकाऱ्यानं परदेशाहून येताना आणली होती. गच्ची दारजींची, म्हणून बाबा परवानगी मागायला वर गेले. दारजी विचारात पडले. घरावर एवढं मोठं काही लावलं की नजरेत येतं, आणि त्या दिवसांत कुणाच्याही नजरेत येऊ नये असंच सगळ्यांना वाटायचं. पण बीजींनी आतून विचारलं, "एस विच कुवैत दिसूगा?" यात कुवेत दिसेल का? बाबा म्हणाले, दिसू शकेल. त्यापुढे दारजींना बोलायला जागा उरली नाही.

तीन रविवार आम्ही ती छत्री फिरवत होतो. बाबा गच्चीवर होकायंत्र, ओळंबा आणि कोनमापक घेऊन, मी खाली टीव्हीपुढे, आणि मध्ये जिन्यावर आई निरोप द्यायला. मी ओरडायची, "आया!" आई ओरडायची, "आलं म्हणते!" तेवढ्यात बाबांचा धक्का लागायचा आणि मी ओरडायची, "गया!" तिसऱ्या रविवारी पडद्यावरच्या मुंग्यांमधून एका सोनेरी केसांच्या बाईचा चेहरा वर आला, निळसर, हलता, पण अगदी खरा. आई हातातला झारा घेऊन बघायला आली आणि म्हणाली, "बाई गं, ही आत्ता बोलून राहिली?" आत्ता, या क्षणी, हेच तिला पटत नव्हतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले थंडीचं आहे.

चौथ्या दिवशी जवान आले. एक इन्स्पेक्टर आणि दोघं, जिना चढून थेट गच्चीवर. "ये वायरलेस है?" बाबांनी त्यांना खाली आणून टीव्ही लावून दाखवला. इन्स्पेक्टरनं बाबांचं ओळखपत्र तीनदा उलटसुलट पाहिलं, दारजींचं नाव विचारून लिहून घेतलं, मुलगा कुठे असतो तेही विचारलं. दारजी ताठ उभे राहून उत्तरं देत होते, पण त्यांचे हात पाठीमागे एकमेकांना घट्ट धरून होते, ते मला दिसत होते. "कुवेत" म्हटल्यावर इन्स्पेक्टरनं पेन खिशात ठेवलं. त्याचा मेहुणाही तिकडे होता. जाताना म्हणाला, "कुछ दिखे तो बताना."

लोहडीची शेकोटी विझून तीन-चार दिवस झाले होते आणि युद्ध सुरू झालं. आपला सरकारी टीव्ही संध्याकाळी जे सांगायचा ते आमच्याकडे सकाळीच दिसलेलं असायचं. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. संध्याकाळी पाच वाजता लोक यायला लागायचे, चपला व्हरांड्यात, शाली अंगावर, ओंजळीत शेंगा आणि रेवड्या. आई चहा करून दमायची आणि बायका आपापल्या घरून दूध आणायच्या. सगळ्यांत पुढे मल्होत्रा अंकल, बँकेतले. ते जमिनीवर शेंगांची टरफलं मांडून स्कड क्षेपणास्त्र कुठून सुटलं आणि ते हवेत कसं अडवलं हे समजावायचे. विमानातून घेतलेलं चित्र दिसायचं, मधोमध एक फुली, फुलीखाली छप्पर, आणि मग पडदा पांढरा. खोलीत टाळ्या पडायच्या. "क्या निशाना है यार!" कुणी म्हणायचं सद्दाम शेर आहे, कुणी म्हणायचं अमेरिकेनं कॉम्प्युटरवर सगळं आधीच खेळून बघितलंय. बॉम्ब खिडकीतून आत जातो, त्याला डोळे असतात, तो चुकत नाही, असं बोलता बोलता लोकांचे आवाज चढायचे. मोठ्यांना एवढ्या मोकळेपणानं भांडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दारजीसुद्धा हिरिरीनं बोलायचे. कितीतरी वर्षांनी त्यांना एक असं युद्ध मिळालं होतं ज्याबद्दल शीख, हिंदू सगळ्यांना एकत्र बसून मोठ्यानं बोलता येत होतं.

आता आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी-सकाळी कुठल्या तरी देशातली ड्रोनची चित्रं येतात. तीच फुली, तेच छप्पर, आणि खाली टाळ्यांच्या बाहुल्या. मी ती पुढे पाठवत नाही. माझी मुलगी म्हणते, आई, तू फार मनाला लावून घेतेस.

बातम्या इंग्रजीत असायच्या, त्याही भराभर बोललेल्या. बाबांना कळायच्या, मल्होत्रा अंकलना कळायच्या, पण बाबांना बोलायचा कंटाळा आणि अंकलना आपलंच बोलायचं असायचं. मग भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. वेताच्या खुर्चीच्या हातावर बसून मी एक वाक्य ऐकायची आणि हिंदीत सांगायची. चार-पाच दिवसांत मी त्यात तरबेज झाले. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला कुणी न शिकवता येऊ लागलं. "चुप, चुप, वसुधा बोल रही है," असं कुणी म्हटलं की माझ्या मानेवर काटा यायचा. कॉलेजात ज्या मुलीकडे कुणी बघत नव्हतं तिच्या तोंडाकडे इथे अख्खी गल्ली बघत होती. खरं सांगायचं तर युद्ध लवकर संपू नये असंही मला एक-दोनदा वाटून गेलं.

बीजी भिंतीला टेकून, अगदी कडेला बसायच्या. टाळ्या वाजल्या की त्या विणकाम थांबवून पडद्याकडे बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "ऐथे थल्ले कौण रहंदा सी?" इथे खाली कोण राहत होतं? मल्होत्रा अंकल म्हणाले, "बीजी, ये तो फौजी ठिकाना है." बीजींनी मान हलवली आणि पुन्हा सुया चालू केल्या. त्यांचं बालपण फाळणीपलीकडे राहिलं होतं. छप्पर म्हणजे काय ते त्या खोलीत त्यांनाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी बाबा गच्चीवर होते, वाऱ्यानं छत्री हलली होती म्हणून. पडद्यावर एक बातमीदार सौदीतल्या कुठल्याशा हॉटेलपुढे उभा राहून कुवेतबद्दल सांगत होता. तो म्हणाला की शहरातून निसटून आलेल्यांच्या सांगण्यानुसार सैनिक घराघरातून पुरुषांना उचलून नेत आहेत. भारतीय आणि इतर आशियाई कामगार मागे राहिले आहेत, त्यांच्याकडे अन्न नाही, पाणी नाही, काही जण मेल्याचं ऐकिवात आहे. किती, कोण, हे कुणालाच माहीत नाही, कारण यादी कुणाकडेच नाही. त्यातले 'कुवेत' आणि 'इंडियन' एवढे दोन शब्द बीजींना कळले. सुया थांबल्या.

"की केहा? इंडियन केहा ना?" काय म्हणाला, इंडियन म्हणाला ना?

सगळे माझ्याकडे वळले. दारजीही. त्यांच्या हातातला चहाचा पेला अर्ध्यावर थांबला होता. मला वाटतं मी फार तर तीन-चार क्षण घेतले असतील. मग मी म्हणाले, "कह रहे हैं कि जो इंडियन वर्कर वहाँ रह गए, वो ठीक हैं। एक स्कूल में रखा है सबको। दो टाइम खाना मिल रहा है।"

शाळा माझी. दोन वेळचं जेवणही माझं. बातमी खरी वाटायला तपशील लागतो हे मी त्या थोड्या दिवसांत शिकले होते. मल्होत्रा अंकलनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. रोज टरफलांची युद्धं लढणारा तो माणूस खाली बघून हातातली एकच शेंग सोलत राहिला. आणि बीजी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, "वाहेगुरू, वाहेगुरू" म्हणत पुढे-मागे डुलायला लागल्या. दारजींनी चहा संपवला. कुणीतरी म्हणालं, "देखा? मैंने कहा था ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा जिना तुपाच्या वासानं भरला होता. बीजींनी कडाह, म्हणजे प्रसादाचा शिरा, केला, गुरुद्वाऱ्यात नेला, आणि परत येताना प्रत्येक घरी थांबत आल्या. माझ्या ओंजळीत त्यांनी दोनदा घातला. गरम होता, हाताला चटका बसला, तरी मी तो गिळला. त्या आठवड्यात सहा महिन्यांनी पहिल्यांदा बीजी दुपारी झोपल्या. आई मला सांगत होती, "बरं झालं गं, बिचारीचा जीव ठिकाणी आला. तू किती नीट समजावून सांगतेस." मी तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

गुरुद्वाऱ्यातून ती बातमी कुठे कुठे गेली कोण जाणे. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी, अकराच्या सुमाराला, दारात एक बाई उभी होती. मळकी पांढरी ओढणी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. नाव बलबीर कौर, मुल्लानपूरकडच्या एका गावाहून आली होती. तिचा थोरला परमजीतही कुवेतमध्ये, गवंडी. ओढणीच्या गाठीतून तिनं एक पासपोर्टचा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. "पुत्तर, तूने वो स्कूल देखा है ना टीवी में? इसको भी देख के बता।" फोटोतल्या मुलाला नुकती मिसरूड फुटली होती आणि त्यानं कुणाचा तरी मोठा कोट घातला होता. मी फोटोकडे बघत राहिले. ती बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, जसं माणूस डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतं. मी म्हणाले, "इतना साफ नहीं दिखता, मासी।" हेही खोटंच, फक्त थोडं लहान. ती म्हणाली, काही हरकत नाही, मी पुन्हा येईन. आईनं तिला जेवायला बसवलं. वरण-भातावर ती तूप नको म्हणाली आणि डाळ मात्र दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते प्रयोगशाळेतून येऊन सायकल भिंतीला लावत होते. मी सलग मराठीत बोलले, बहुधा पहिल्यांदाच. ते ऐकत राहिले, मग पँटच्या क्लिपा काढून खिशात ठेवल्या. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "ती डिश मी कशासाठी लावली होती वसू? खरं दिसावं म्हणून ना?" मग म्हणाले, "चाल. वर जाऊ."

बीजी गहू निवडत होत्या. दारजी उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. बातमीदार काय म्हणाला होता ते आधी, मी काय म्हणाले होते ते नंतर. दारजींनी एकदा बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. बीजींची बोटं गव्हात तशीच होती. त्या म्हणाल्या, "मैं तेरी गल्ल ते सुत्ती आं।" तुझ्या शब्दावर मी झोपले गं. आणि मग हिंदीत, जणू मला नीट कळावं म्हणून, "दस रातें सोई हूँ। अब वो भी गई।"

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. इतक्या वर्षांत मी पडले, आजारी पडले, नापास झाले, त्यांनी कधी जवळ घेतलं नाही असं झालं नव्हतं. त्या ताट उचलून आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "उस मुल्लांपुर वाली को भी बता के आ। वो भी सो रही होगी।"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बाबा मागून आणलेल्या स्कूटरवर, मी दारजींच्या मागे त्यांच्या स्कूटरवर. दारजींनी स्वतःच म्हटलं होतं की गावात डाक्टर साहब एकटे नकोत. शहर संपलं की दोन्ही बाजूंना मोहरी, पिवळीधमक, आणि मध्ये गुरांच्या चाऱ्याचा हिरवा बरसीम. धुकं नुकतं उठलं होतं. नाक्यावर जवानानं थांबवलं. दारजींच्या पगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दारजींना न विचारता मलाच विचारलं, "किधर जा रही हो?"

"गाँव। खबर देने।"

"कैसी खबर?"

"पहले गलत दी थी। ठीक करने जा रहे हैं।"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा त्याच्या नोकरीत असं कारण कुणी दिलं नसावं. त्यानं हात हलवून सोडलं.

आज तिथे उंच इमारती आहेत. मध्यंतरी भाचीच्या लग्नाला गेले होते, त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडवर उतरून मुद्दाम टॅक्सी त्या बाजूला घेतली. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, इसे अब न्यू चंदीगड बोलते हैं. रस्ता सहापदरी. मला ते गाव सापडलं नाही, एक विटांची विहीर सापडली, आणि तीही तीच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही.

बलबीर कौर गोठ्यात होती. आम्हा तिघांना एकदम बघून तिच्या हातातला गवताचा भारा खाली पडला. तिला वाटलं असणार की तीन माणसं एकाच कारणासाठी येतात. मी घाईघाईनं म्हणाले, "नहीं मासी, कोई खबर नहीं आई। मैंने ही झूठ बोला था।" खाटेवर बसून मी पुन्हा सगळं सांगितलं. शाळा नव्हती. जेवणाचं कुणी काही बोललं नव्हतं. माणसं उचलून नेत आहेत, असं बातमीदार म्हणाला होता. काही मेले असं ऐकलंय, असंही तो म्हणाला होता. ती मध्ये एकदाच बोलली.

"नाम पढ़े थे? मरने वालों के?"

"नहीं। नाम किसी के पास नहीं हैं।"

"होर की केहा? जो जो कहा, सब बता। कुछ छोड़ मत।"

मी आठवून आठवून सांगितलं. बातमीदार कुठे उभा होता, त्याच्या अंगावर काय होतं, तो कुठल्या शब्दावर अडखळला, हेसुद्धा. ती मान हलवत ऐकत होती. शेवटी उठली आणि आम्हाला गूळ घातलेलं दूध पितळी पेल्यांतून दिलं. निघताना दारजींच्या स्कूटरवर सागाची एक जुडी बांधली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर भाषांतर बाबा करायचे. हळू, सपाट आवाजात, आणि दर दोन वाक्यांनी "असं ते म्हणतात" असं जोडून. लोकांना कंटाळा यायचा. गर्दी ओसरली. बीजी यायच्या नाहीत. फेब्रुवारी संपता संपता युद्ध संपलं, तेलाच्या विहिरी पेटलेल्या दिसायला लागल्या, भर दुपारी काळोख, आणि मल्होत्रा अंकल पुन्हा क्रिकेटकडे वळले. जिन्यावरून वाट्या येत होत्या, पण त्या आता आईच आणायची आणि आईच न्यायची. बीजींसमोरून जाताना मी 'सत श्री अकाल' म्हणायची आणि त्या मानेनं उत्तर द्यायच्या.

बैसाखीनंतर एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली आणि जीता उतरला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. बीजींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. दारजी फाटकाला धरून उभे राहिले होते. जीता जिवंत होता. मालकाच्या गोदामात अकरा जणांबरोबर लपून राहिला होता, पीठ आणि कांद्यावर. संध्याकाळी अख्खी गल्ली पुन्हा जमली, आमच्याकडे नाही, वर. मल्होत्रा अंकलनी विचारलं, "जीते, वो मिसाइल हवा में कैसे फटती थी? तूने तो सामने देखी होगी!" जीता गोंधळून म्हणाला, "अंकल जी, हमने तो कुछ नहीं देखा। दरवाज़ा बंद था। हुआ क्या था, आप लोग बताओ।" कोपऱ्यातून बीजी म्हणाल्या, "वसुधा नूं पुच्छ। उसनूं पता ऐ।" तीन महिन्यांत त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं. मी सांगितलं, जेवढं पाहिलं होतं तेवढं, आणि जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाले. बोलून झाल्यावर बीजींनी मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

चारच दिवसांनी बलबीर कौर आली. तिचा परमजीत आला नव्हता. तो पुढेही आला नाही. वर्षभरानं आमची बदली झाली, बीजींची पत्रं यायची, त्यांत कधीच त्याची बातमी नव्हती. त्या दिवशी तिनं जीत्यापुढे तो फोटो ठेवला. जीत्यानं तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. मी दारात उभी होते. तो म्हणाला, "नहीं मासी। मैंने इसे नहीं देखा। इसका इलाका ही दूसरा होगा।"

तिनं फोटो परत घेतला, पुसला, गाठीत बांधला. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही. बीजींनी दिलेल्या लस्सीचा ग्लास तिनं हातात घेतला आणि जीत्याकडे थोडं सरकून विचारलं, "अच्छा, ये बता, वहाँ राजमिस्त्री लोग रहते कैसे हैं? रोटी कौन पकाता है?" जीत्यानं सांगितलं की पाळी लावतात, एका खोलीत आठ जण, शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी भात. तिनं विचारलं उन्हाळ्यात काम किती वाजता सुरू होतं. तो म्हणाला, पहाटे चारला, कारण नंतर लोखंड हाताला भाजतं. तिनं विचारलं समुद्र दिसतो का. तो म्हणाला, दिसतो, संध्याकाळी सगळे तिथे जाऊन बसतात, घरची पत्रं एकमेकांना वाचून दाखवतात. ती एकेक उत्तर ऐकून घ्यायची आणि मग पुढचं विचारायची. बसची वेळ टळली, बीजींनी तिला रात्री ठेवून घेतलं, आणि तरी तिचे प्रश्न संपले नव्हते.